मामांची शिवण गळत नव्हती

खंडेनवमी होऊन आठवा दिवस, बुधवार, सकाळी सव्वादहा. उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये त्या वेळी आमच्या आर्गन वेल्डरवर अन्याय झाला. शेडमध्ये तेव्हा अकरा माणसं होती. त्यातली एक मी. आणि ज्या आकड्यावरून त्यांना घालवलं, तो आकडा मोठ्यानं वाचून दाखवणारीही मीच.

पत्रकाच्या पहिल्या ओळीत माणूस आणि वेळ आलीच पाहिजे, हे मी कॉलेजात असताना शिकले. माणूस नाही, वेळ नाही, तर ती तक्रार नसते, कुरकुर असते. म्हणून वेळ लिहिली. माणसाचं नाव मात्र लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय, "नाव घालू नकोस पोरी. आधीच लई फिरलंय." शेडमध्ये सगळे त्यांना मामा म्हणायचे. मीही तेच म्हणते.

मामा कुरुंदवाडचे. घरी ऊस, दोन म्हशी, आणि रोज मोटारसायकलवर पन्नासेक किलोमीटर तोडून शेडला यायचे. स्टेनलेसच्या पत्र्यावर आर्गन वेल्डिंग, म्हणजे आर्गन वायू सोडत केलेलं नाजूक वेल्डिंग, करणारे या भागात पुष्कळ आहेत. पण आमच्याकडं लागायची तशी शिवण, म्हणजे पत्र्यांचा वेल्डिंगचा जोड, घालणारे थोडे. ती आतून घालावी लागते. बाहेरून घातली तर आत बारीक फट राहते आणि त्या फटीत अडकलेली हवा महिना-महिना पाझरत राहते. मामा नळीत खांद्यापर्यंत हात घालून, अर्धं अंग आत ढकलून शिवण घालायचे. बाहेर आले की बॅटरी मारून रंग बघायचे. चांदीसारखी दिसली तर गप्प. निळसर झाक दिसली तर कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच घासून काढायचे.

काम काय होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही एक नळी बनवत होतो. हातभर रुंद, माणसाहून लांब, दोन्ही टोकांना जाड चकत्या आणि अंगावर चार-पाच तोंडं. ती जाणार होती लांबच्या एका प्रयोगशाळेत, कण पळवायच्या यंत्रात. तिथं अणूपेक्षाही बारीक कणांचा झोत नळीतून भयंकर वेगानं सोडतात. वाटेत हवा असली की कण हवेला धडकतात आणि झोत विस्कटतो. दिवाळीच्या आठवड्यात गर्दीनं भरलेल्या महाद्वार रोडच्या एका टोकाला पळत सुटलात तर दुसऱ्या टोकाला धक्का न खाता पोचाल का? त्या कणाला पोचायचं असतं. म्हणून नळीतली हवा काढायची. किती? बाहेरच्या हवेच्या दाबाचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग आत राहिला तर चालतो. कागदावर तो दाब मिलिबारमध्ये दहाचा उणे नववा घात असा लिहितात. शेडमध्ये एवढं कोण म्हणतंय, सगळे म्हणायचे 'मायनस नऊ'. मायनस आठ म्हणजे त्याच्या दहापट हवा. मायनस सात म्हणजे शंभरपट.

आणि ही उरलेली हवा मोजायचं काम माझं. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला, शाहूपुरीत एका दुकानात सहा महिने वजनकाटे दुरुस्त केले आणि मग इथं लागले. एवढी विरळ हवा काट्यानं मोजता येत नाही. त्यासाठी आयन गेज असतं. मूठभर वस्तू. एक तार तापते, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, ते उरल्यासुरल्या हवेला धडकतात, त्यातून विजेचा भार तयार होतो आणि तो एका केसासारख्या तारेवर गोळा होतो. हवा जास्त असली की करंट जास्त. हा करंट इतका बारीक असतो की साध्या मीटरला तो कळतही नाही. त्याच्यावरून गेजला वायरनं जोडलेल्या डब्याच्या पडद्यावर आकडा येतो. एक गोष्ट लक्षात ठेवा: गेजला हवा दिसत नाही. त्याला फक्त करंट दिसतो, आणि जो करंट येईल त्याला ते हवा म्हणतं.

हे मला पाठ होतं. परीक्षेतही लिहून आले होते.

आता खंडेनवमीचं सांगते. आमच्याकडं त्या दिवशी शेड धुतात, यंत्रं पुसतात, हत्यारं मांडतात, हळद-कुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, नारळ फोडतात. मागच्या वर्षी हे सगळं पुरुषांनी केलं आणि मला पेढ्यांचं ताट देऊन दारात उभं केलं. मी वर्षभर ते विसरले नाही. या वर्षी आठ दिवस आधी पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीवर पत्रक चिकटवलं. मोठ्या अक्षरात एकच मागणी: जी हत्यार चालवते, ती हत्यार पूजेल. खाली बायकांच्या संडासाची मागणी होती, ती अजूनही तशीच आहे, पण ते वेगळं पत्रक.

मालक वाचून हसले. "पुज की. कोण नको म्हणतंय?"

दोघंतिघं म्हणतच होते. बायकांनी मशीनला हात लावायचा नाही, असं यांच्या बापजाद्यांनी सांगितलंय म्हणे. मामा तिथंच पाणी पीत उभे होते. तांब्या खाली ठेवून म्हणाले, "हात तिचा चालतोय, तर हळद बी तिचीच. ह्यात इचारायचं काय?" विषय संपला. मामांच्या तोंडाला कुणी लागत नसे.

तर खंडेनवमीला मी माझी हत्यारं मांडली. मल्टिमीटर, पाने, डबा आणि नवं गेज. गेज फॉइलात गुंडाळलेलं होतं. त्याचं आतलं तोंड, जे नळीत जातं, ते मी कुणाला उघडू दिलं नाही. तिथं बोटाचा ठसा उमटला तरी त्यातलं तेल दिवसेंदिवस पाझरतं. एवढी अक्कल मला होती आणि तिचा तोराही होता. मी फक्त मागची बाजू उघडी केली, जिथं पिना असतात आणि वायरचा प्लग बसतो. ती बाजू बाहेरच्या हवेतच असते. तिथं काय बिघडणार?

आमचा वायरमन शेजारी विजेच्या मोटारींना कुंकू लावत होता. पन्नाशीचा माणूस, उद्यमनगरातल्या निम्म्या शेडांची वायरिंग त्याच्या हातची. मी गेजच्या पत्र्याला बोट टेकवणार, एवढ्यात म्हणाला, "तिथं न्हवं, ताई. करंट जिथनं आत शिरतोय तिथं लावायचं. जीव तिथं असतोय." आणि खरंच, त्यानं प्रत्येक मोटारीच्या जोडपेटीवर, प्रत्येक स्विचवर कुंकू लावलं होतं. सगळ्या शेडांत असंच लावतात. मोटारीला काही होत नाही, तिचा करंट दांडगा असतो, चिमूटभर कुंकवाला तो विचारत नाही. मीही बोट बुडवलं. ओलं कुंकू, पाण्यात आणि थोड्या तेलात कालवलेलं. पिनांच्या मधोमध ठसठशीत टिळा लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी फडक्यानं पुसला. माझ्या मते पुसला.

गुरुवारी जोडणी झाली. पंप लावला. मग नळीभोवती तापवायचे पट्टे गुंडाळून तीन दिवस ती भाजली, म्हणजे पत्र्याला चिकटलेली वाफ निघून जाते. सोमवारी गार होऊ दिली. मंगळवारी सकाळी गेज चालू केलं, तर आकडा मायनस सातवर. म्हटलं, उतरेल. दिवसभर तासातासाला वहीत लिहीत राहिले. नऊ दिसायला पाहिजे होतं, पण सात काही सुटेना.

बुधवारी सकाळी प्रयोगशाळेचा तपासणी अधिकारी आला. मालकांनी "बसा पावणं" म्हणून खुर्ची पुढं केली, तो बसला नाही. सरळ डब्यासमोर जाऊन उभा राहिला.

"किती आहे?" मालकांनी मला विचारलं.

"दोन पॉइंट सहा. मायनस सात."

"परत वाच."

मी परत वाचलं. आकडा तोच होता. अधिकारी म्हणाला, "म्हणजे गळती आहे. शिवण बघा."

मामा मागून पुढं आले. "शिवण माझी हाय. हेलियम मारून बघितलीया की सगळ्यांनी. सुईएवढी सुदिक गळाली न्हाय."

खरं होतं. खंडेनवमीच्या आधी हेलियम सोडून गळती शोधायचं यंत्र भाड्यानं आणलं होतं, त्यानं काही दाखवलं नव्हतं. आता ते यंत्र परत गेलं होतं.

"तवा थंड हुती," मालक म्हणाले. "भाजल्यावर उघडली असंल."

"भाजल्यावर उघडायला ती काय भाकरी हाय?"

मागं कुणीतरी हसलं. मालकांना ते लागलं. ते पाहुण्याकडं बघत, पण मामांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वय झालंय ह्यांचं. हात कापतोय. महिनाभर बघतोय मी. उद्यापासनं न्हाय आलासा तरी चालंल, मामा."

मामांनी दोन्ही हात पुढं धरले. कोपरापासून बोटापर्यंत ताठ. इतका वेळ धरले की बघणाऱ्यांनी मान खाली घातली. कापत नव्हते. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या शेडमध्ये मी एकटीच होते जिला त्या आकड्याबद्दल काही विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. आकडा समोर होता, मी वाचला होता, आणि मला आकड्यांवर विश्वास ठेवायचा पगार मिळत होता.

मामांनी आपला मास्क उचलला, तो त्यांचा स्वतःचा होता, आणि गेले.

ते फाटकाबाहेर पडेपर्यंत मालकांनी मोबाईलवर काहीतरी लिहिलं. नंतर वायरमननं मला ते कुणाकडून तरी मिळवून दाखवलं. शेडवाल्यांचा एक ग्रुप आहे, उद्यमनगरपासून शिरोलीपर्यंतचे सगळे त्यात. त्यावर मालकांनी लिहिलं होतं: कुरुंदवाडचा आर्गन वेल्डर, पुढं नाव, हात कापतो, शिवण गळते, घेताना बघून घ्या.

दुपारी चार वाजता शिवण कापायची असं ठरलं. नवा वेल्डर बाराला आला, पोरगेलासा, शांत. नळीवर खडूनं रेघ मारून गेला. मी त्या रेघेकडं बघत बसले. एकदा शिवण कापली की ती गळत होती की नव्हती, हे जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं. मामा चुकले, हे कायमचं खरं झालं असतं.

डबा उघडला नाही. वही उघडली.

मंगळवार सकाळ, आकडा वर. मंगळवार दुपार, खाली, जवळजवळ निम्म्यावर. संध्याकाळपासून परत चढ. बुधवार सकाळ, परत वर. मी ते चार वेळा वाचलं. आमची शेड पत्र्याची आहे. दुपारी ती तापते, नळीही कोमट होते. कोमट पत्रा जास्त वाफ सोडतो, म्हणजे दुपारी आकडा वाढायला पाहिजे. इथं उलटं. आणि शिवणीला भोक असेल, तर भोकाला सकाळ-दुपार काय कळणार? सकाळी एवढं सुचलं असतं तर. सकाळी मी वही उघडलीच नव्हती.

पंपाकडची झडप बंद केली. गळक्या होडीतून पाणी उपसायचं थांबवलं तर होडीत पाणी चढायला पाहिजे. दहा मिनिटं आकड्याकडं बघत उभी राहिले. तो जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. शंभरपट हवा आत घेणारी नळी, आणि पंप बंद असताना ढिम्म.

मग त्या आकड्यातला करंट हवेचा नव्हता. दुसरीकडून येत होता.

झडप उघडली, गेज बंद केलं, मागचा प्लग ओढून काढला आणि बॅटरी मारली.

पिनांच्या मुळाशी, पांढऱ्या चिनी मातीच्या चकतीवर, लाल पुट होतं. मधल्या पिनेपासून कडेच्या पिनेपर्यंत. फडकं जिथं पोचलं नव्हतं तिथं. सकाळच्या दमट हवेत ते ओल धरत होतं आणि त्यातून करंट झिरपत होता. किती? मोटारीनं ज्याची दखल घेतली नसती एवढा. पण ज्या तारेवर मोजायचा करंटच असा नखाएवढाही नाही, तिथं हा पाहुणा येऊन घरमालक झाला होता. दुपारी कुंकू सुकायचं, करंट उतरायचा. गेज त्याला हवा म्हणत होतं. आणि मी मोठ्यानं वाचून दाखवत होते.

कापूस हाताशी होता, स्पिरिटची बाटली हाताशी होती. हे लिहायलाच पाहिजे: मी बाटलीचं झाकण उघडलं होतं. दोन मिनिटांचं काम. पुसायचं, प्लग लावायचा, आणि "वायर ढिली होती" म्हणून सांगायचं. शिवण वाचली असती. मामांना कदाचित परत बोलावलं असतं. आणि माझं काही गेलं नसतं. खरं सांगितलं, तर उद्या ही सगळी मंडळी काय म्हणणार ते मला शब्दासकट ऐकू येत होतं: बाईच्या हातात हळद दिली, बघा काय झालं. पॅकिंगला नुकत्याच दोन पोरी लागल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांनाही दारात ताट घेऊन उभं केलं असतं, माझं उदाहरण देऊन.

पण ढिल्या वायरीनं मामांचा हात कापत नव्हता हे सिद्ध होत नाही. वायर ढिली होती, ती घट्ट केली, एवढंच होतं. ग्रुपवरचं तसंच राहतं. झाकण लावलं. प्लग जागेवर बसवला, गेज चालू केलं, आकडा परत सातवर आला, आणि मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. पावणेतीन वाजले होते. अधिकारीही तिथंच होता.

"गळती नाही," मी म्हणाले. "गेजच्या पिनांत कुंकू आहे. मी लावलेलं."

मालकांनी आधी केबिनचं दार लोटून घेतलं. मग पाहुण्याकडं बघून हसले आणि मला म्हणाले, "साफ कर आणि गप बस. झालं गेलं."

"साफ करतो की. पण सगळ्यांसमोर. आणि पुसायच्या आधी आकडा उतरवून दाखवतो." आमच्याकडं पोरीही 'करतो', 'जातो' असंच म्हणतात. अधिकाऱ्याला ते विचित्र वाटलं असावं, तो माझ्याकडं बघत राहिला.

"कसा उतरवणार?" त्यानं विचारलं.

"मागून प्लग गरम करून. ओल सुकली की करंट थांबेल."

"गेज गरम केलं तर दाब वाढलेलाच दिसतो."

"वाढलेलाच राहिला तर शिवण कापा."

हे बोलून गेले खरी. पण खात्री नव्हती. कुंकू होतं हे खरं. पण सगळा आकडा कुंकवाचाच, की थोडा कुंकवाचा आणि थोडा शिवणीचा, हे मला कुठं माहीत होतं? मामांची शिवण मी रंगावरून ओळखत होते. रंगावरून मायनस नऊ कळत नाही.

सगळे जमले. नवा वेल्डर कटर हातात घेऊनच आला होता. मी गरम हवेची गन मंद ठेवून प्लगवर धरली. पडद्यावर एक पॉइंट पाच, मायनस सात. मिनिटभर काही नाही. मग आकडा हलला. वर. एक पॉइंट सात. एक पॉइंट नऊ.

"मी म्हटलं होतं," अधिकारी म्हणाला.

"ताई, बास करतीस का?" मालक.

गन खाली घेतली नाही. दोन्ही हातांनी धरली. दोन पॉइंट शून्यवर आकडा थांबला. नवा वेल्डर सरळ उभा राहिला. वायरमन माझ्या खांद्यामागून पुटपुटला, "धर. ओल हाय आजून, तापतीया तवर करंट जास्तच जायचा."

मग एक पॉइंट आठ. एक पॉइंट दोन. आणि मग तो असा घसरला की वाचता येईना. मायनस आठ आलं, त्याच्या पुढं आधी नऊ, मग सहा, मग तीन. आता मी वाचत नव्हते. अधिकारीच वाचायला लागला होता, एकेक आकडा, सकाळी मी वाचला होता तसा मोठ्यानं. पाचव्या-सहाव्या मिनिटाला तो म्हणाला, "सहा. मायनस नऊ."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नवा वेल्डर कटर खाली ठेवून म्हणाला, "शिवण चांगली हाय ही. मला कापवली नसती." एवढंच.

मालक माझ्याकडं वळले. पुढचं वाक्य मला माहीतच होतं. "म्हणून सांगत होतो, बायकांनी..."

"मी सांगितलंतं तिला," वायरमन म्हणाला. "ती पत्र्याला लावत हुती. मी म्हटलं पिनांस्नी लाव. मला बोला." मालक थांबले. वायरमनला बोलणं त्यांना परवडणारं नव्हतं.

पिना स्पिरिटनं धुतल्या. रात्रभर वाट बघावी लागली नाही, तासाभरातच आकडा मायनस नऊवर बसला आणि तिथंच राहिला. अधिकाऱ्यानं कागदावर सही केली, नळी पास झाली. जाताना मालकांना म्हणाला की त्या वेल्डरला सोडू नका.

"फोन लावतोच की," मालक म्हणाले.

अधिकारी गेल्यावर मी विचारलं, "आणि ग्रुपवरचं?"

"काय ग्रुपवरचं?"

"हात कापतो म्हणून टाकलंय ते."

"अगं ते कोण वाचतंय? खाली गेलं असंल आता. आन् मी काय लिहू तिथं? आमच्या गेजात कुंकू हुतं? उद्या ती प्रयोगशाळा म्हणंल, ह्यांनी आजवर मोजलेलं सगळंच तसलं."

मी म्हणाले, ज्यानं चूक लिहून ठेवली त्याच्याच आकड्यावर लोक विश्वास ठेवतात. ते म्हणाले, पत्रकाची भाषा पत्रकात.

त्या रविवारी कुरुंदवाडला गेले. मामा घरामागं उसाच्या ट्रॉलीचा फाळका जोडत होते, साध्या रॉडनं, ठिणग्या उडवत. आर्गन धरणाऱ्या माणसानं ते करावं हे मला बघवेना. मामींनी चहा टाकला. मी बसले नाही, उभ्यानंच सगळं सांगितलं. कुंकू, पिना, गन, सहा मायनस नऊ.

मामांनी मास्क वर केला. "तू लावलंतंस व्हय?"

"व्हय."

"बरं." आणि परत वेल्डिंग सुरू केलं. एक पूर्ण रॉड संपवला. मग म्हणाले, "कुंकवाचं काय न्हाय. कुणाच्या हातनं बी झालं असतं. त्या दिवशी मी हात पुढं धरला तवा तू काय बघत हुतीस?"

मी चहाचा कप उचलला.

"पत्रकं वाटतीस न्हवं? संडासाचं वाटतीस, हळदीचं वाटतीस. माझ्या येळंला एक अक्षर न्हाय आलं तुझ्या तोंडातनं."

मामी आतून म्हणाल्या, "पोरीला घोट तरी घिऊ द्या चहाचा."

"पिऊ दे की. मी काय कप धरलाय?"

मग त्यांनी सांगितलं. मालकांचा फोन आला होता, परत या म्हणून. मामांनी विचारलं, जिथं लिहिलंस तिथं लिहिणार का? मालक म्हणाले, ते सोडा. मामांनी फोन ठेवला. त्यानंतर शिरोलीत दोन ठिकाणी गेले. पहिल्या ठिकाणी चहा पाजला आणि नंतर कळवतो म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी मालकाचा पोरगा म्हणाला, मामा, जरा हात पुढं करा बघू.

"केलासा?" मी विचारलं.

"केला. पोट हाय की." ते ट्रॉलीकडं बघत होते. "त्या पोराला शिवणीतलं काय कळतंय? आन् त्येच्याम्होरं मी हात धरून उभा."

निघताना म्हणाले, "काम कुठं बी मिळंल. ते लिहिलेलं काढायला लाव. तुला जमतंय ते."

अजून जमलेलं नाही. मालकांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला ग्रुपमध्ये घालायची माझी विनंतीही फेटाळली, ग्रुप फक्त मालकांचा आहे म्हणून. पत्रक छापून उद्यमनगरात वाटलं, पण पत्रक चहाच्या गाड्यावर पोचतं, त्या ग्रुपात पोचत नाही. तो निरोप मात्र इचलकरंजीपर्यंत पोचला, असं आता कळतंय. म्हणून हे लिहितेय, आणि माझी चूक पूर्ण लिहितेय, म्हणजे कुणाला म्हणायला जागा नको की पोरगी मामांची बाजू घेऊन रंगवतेय.

तुम्ही त्या ग्रुपात असाल. किंवा तुमचा भाऊ, मेव्हणा, शेजारचा शेडवाला असेल. तो निरोप तुम्ही वाचला असेल, कुणाला तरी पुढं पाठवला असेल, किंवा त्याच्यावरून एखाद्या माणसाला हात पुढं करायला लावला असेल. आता हे टाका, त्याच ग्रुपवर, याच शब्दांत: त्या बुधवारी शिवण गळत नव्हती, गेज चुकीचं दाखवत होतं, ते गेज ज्या मुलीच्या ताब्यात होतं तिनं स्वतः हे कबूल केलंय, आणि वेल्डरचा हात कापत नाही. नाव त्या निरोपात आधीच आहे, परत लिहू नका. खाली तुमचं लिहा. आणि आज टाका, आत्ता, हा कागद खाली ठेवायच्या आधी.